माप ओलांडेपर्यंत

मागच्या महिन्यात लेकीबरोबर बारामतीतल्या एका दुकानात गेलो होतो. पावडर, लिपस्टिक, नेलपॉलिश असलंच सगळं मिळणारं दुकान. बाप म्हणून माझं काम पिशवी धरायचं, ते मी मन लावून करत होतो. तेवढ्यात लेकीनं काउंटरवरची सेटिंग स्प्रेची नमुन्याची बाटली उचलली, पार नाकासमोर धरली आणि दाबणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, लांबनं मार! एक हात लांब! आन् तो पंखा बंद करायला सांग आधी."

दुकानातल्या दोन मुली माझ्याकडे बघायला लागल्या. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस मेकअपवर काय मारायचं ते शिकवतोय म्हटल्यावर त्या बघणारच. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय कळतं यातलं?"

खरं तर बरंच कळतं. बारामतीत स्टुडिओ टाकून पासपोर्ट फोटो काढायला लागण्याआधी मी इंदापूरला लग्नांचे फोटो काढायचो. माझी निम्मी लग्नसराई नवरीच्या खोलीच्या बंद दारावर टकटक करण्यात गेली. दाराच्या आत नवरीला सजवणारी सुरेखाअक्का असायची. "अक्का, नवरदेव मांडवात आलाय!" असं मी बाहेरून ओरडायचो आणि आतून ठरलेलं उत्तर यायचं, "येऊ दे की. त्याला कुणी नको म्हटलंय? अजून वापसा न्हाय आला."

आता वापसा हा शब्द शेतातला. पाणी दिल्यावर रान लगेच कसता येत नाही. चिखलही नको आणि ढेकळंही नकोत, अशा बेताचं वाळलं की वापसा आला म्हणायचं. अक्का तो नवरीच्या गालांना लावायची. बोट हलकंच टेकवून बघायची आणि मान हलवायची किंवा नाही हलवायची. तिनं मान हलवल्याशिवाय इंदापूर तालुक्यात एकही मंगलाष्टक सुरू झालं नसेल, असं मला त्या काळात वाटायचं.

अक्काचं पार्लर इंदापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. पाटीवर काहीतरी गोंडस नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळा गाव 'अक्काचं' म्हणायचा. अंगानं भक्कम, आवाज त्याहून भक्कम. हायवेवरच्या ट्रकच्या हॉर्नवर मात करून ती समोरच्या दुकानातून चहा मागवायची. सुती साडी, तेल लावून घातलेली घट्ट वेणी, आणि स्वतःच्या तोंडाला पावडरीचा कणही नाही. दुसऱ्यांना सजवणारी बाई अशी कोरडी कशी, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझा मेकअप एकदाच झाला. तेवढा पुरं झाला." आणि मग ती तिची शेळीची गोष्ट सांगायची.

ही गोष्ट तिच्या प्रत्येक नवरीनं ऐकलेली आहे. डोळ्यांचं काम सुरू व्हायच्या आधी ती हटकून सांगायची.

अक्काचं माहेर मोरगावच्या बाजूचं. लग्न मे महिन्यातलं. तिच्या चुलतीनं हौसेनं तिचं तोंड रंगवलं होतं. पावडरीचे थर, घरच्या तुपातलं काजळ, गालाला कुंकवाची लाली. मग पाठवणी झाली. अक्का मनापासून रडली आणि भर दुपारी टेंपोत बसून इंदापूरकडं निघाली. वरून ऊन, खालून इंजिन, शेजारी पाठराखीण म्हणून आलेली आत्या उलट्या करतेय. वस्तीवरच्या सासरच्या दारात उतरली तेव्हा काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं आणि पावडरीच्या चिखलात लाल ओघळ. उंबऱ्यावर ज्वारीचं माप भरून ठेवलेलं. नव्या सुनेनं उजव्या पायानं ते लवंडून घरात यायचं, असा रिवाज. ओवाळायला आलेल्या सासूनं एकवार बघितलं, ताट खाली घेतलं आणि म्हणाली, "आगं बया! आधी हिला हापशावर न्या आन् तोंड धुवून आणा. मग घिऊ आत."

दारात जमलेल्या बाया हसल्या. अक्काला हापशावर नेलं, खसाखसा तोंड धुतलं. परत येऊन बघते तर वस्तीवरची एक शेळी दावं तोडून आलेली आणि मापातली ज्वारी निवांत खातेय. हाकलायला गेले तेव्हा ती मापावरून उडी मारून सरळ घरात. मग घाईनं रिकामं माप बाजूला केलं, आणि ओल्या तोंडाची अक्का तशीच आत गेली.

"म्हंजी बघा," अक्का हात नाचवून सांगायची, "ह्या घरची थोरली सून शेळी. माप तिनं ओलांडलं. मी आपली धाकटी!"

नवरी खो खो हसायची. हसून झालं की अक्का तिची हनुवटी धरायची आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणायची, "सासरच्या दारात पोरीचं तोंड पयल्यांदा बघत्यात बाई. दुसऱ्यांदा पयल्यांदा न्हाय बघत कुणी. माप ओलांडेपर्यंत ह्ये तोंड हलणार न्हाय, ही माझी जबाबदारी. आता डोळं मिट."

अक्काचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालायचा. नवरी कितीही लांब जाणार असो, ती सासरच्या उंबऱ्यावर ताजी दिसली पाहिजे. पाठराखिणीचा फोन नंबर ती आठवणीनं घ्यायची. वऱ्हाड निघालं की अक्काचा जीव थाऱ्यावर नसे. आम्ही मंडपात उरलेली जिलेबी खात बसायचो आणि ती फोन हातात धरून येरझाऱ्या घालायची. पलीकडून आवाज आला की पहिला प्रश्न, "पोचला का?" दुसरा प्रश्न, "तोंड कसं हाय?" पाठराखीण बिचारी दमलेली असायची. ती म्हणायची, "बरं हाय." अक्का कडाडायची, "बरं म्हंजी काय? नाकाच्या बाजूला फुटलंय का? काजळ कुठवर हाय?" नवरीनं माप ओलांडलं आणि चेहरा जागेवर आहे असं कळलं, की मगच ती पान वाढून घ्यायची.

सुरुवातीला तिच्याकडं सेटिंग स्प्रे वगैरे काही नव्हतं. पावडर थापायची, वर ओलं फडकं दाबायची आणि देवावर हवाला. मग एका लग्नात नवरीनं पुण्याहून मेकअपवाली आणली. अक्काला फक्त करवल्यांच्या वेण्या घालायला बोलावलं होतं. दुसरी कुणी असती तर रुसली असती. अक्का वेण्या घालता घालता कोपऱ्यातून टक लावून बघत बसली. त्या मुलीनं शेवटी बाटली काढली आणि नवरीच्या तोंडावर बारीक तुषार उडवले.

"ह्ये काय गं?"

"सेटिंग स्प्रे, ताई. याने मेकअप बसून राहतो, हलत नाही."

"घाम आला तर?"

"तरी टिकतो."

"आन् रडली तर?"

ती मुलगी जरा गोंधळली. म्हणाली, "रडायचं कशाला?"

अक्का इतक्या मोठ्यांदा हसली की बाहेर सनईवाला थांबला. पण मुलगी गुणाची. जाताना तिनं उरलेली बाटली अक्काच्या हातात ठेवली. अक्का ती पदरात धरून घरी घेऊन गेली आणि पुढचा आठवडाभर जो भेटेल त्याच्या हातावर मारून दाखवत होती. माझ्याही मनगटावर मारली. "आता पाण्याखाली धर," म्हणाली. मी धरलं. नुसतंच मनगट, त्याला मेकअप नव्हता, त्यामुळं काय सिद्ध झालं ते मला कळलं नाही. तिला मात्र कळलं असावं.

बाटली संपली आणि लग्नसराई ऐन भरात आली. नवी मागवायची कुठून हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. अक्का काही हात बांधून बसणारी नव्हे. तिनं गुलाबपाण्यात ग्लिसरीन मिसळलं, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत भरलं आणि वस्तीशेजारच्या सीमाच्या लग्नात ते वापरलं. ग्लिसरीन जरा सढळ पडलं होतं. बाटलीही तिनं जवळ धरून मारली होती. सीमा खोलीतून बाहेर आली ती नुकत्याच पाकातून काढल्यासारखी. फोटोत छान चमकत होती, म्हणून मीही काही बोललो नाही.

आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, हळदी-कुंकवात रंगवलेल्या. पहिलं मंगलाष्टक संपलं, 'शुभमंगल सावधान' झालं आणि पहिली मूठ आली. ज्वारी नवरदेवाच्या अंगावरून खाली पडली. सीमाच्या तोंडावरून पडलीच नाही. पुढच्या कडव्याला आणखी चिकटली. आमच्याकडचे पाहुणे अक्षता टाकत नाहीत, पेरणी केल्यासारख्या फेकतात. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरदेवाला समोर जी दिसली तिच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर लाल-पिवळी ज्वारी. तो हार धरून तसाच उभा राहिला. मागून कुणाचे तरी तात्या ओरडले, "यंदा पीक दांडगं हाय!"

सगळा मांडव हसला. सीमासुद्धा हसली आणि हसताना दोन दाणे तोंडात गेले. मी धडाधड फोटो काढले आणि सांगायला हरकत नाही, त्या हंगामातले माझे सर्वात चांगले फोटो ते. अक्का मात्र खांबाआड उभी होती आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. सगळे जेवायला बसल्यावर तिनं सीमाला परत खोलीत नेलं, दाणे एकेक करून वेचले आणि सगळा मेकअप धुवून पुन्हा पहिल्यापासून केला. सासर बारामतीच्या पुढं होतं. अंधार पडता पडता पाठराखिणीचा फोन आला, माप ओलांडलं, तोंड ठीक आहे. त्या दिवशी अक्का फोन ठेवून नुसतीच बसून राहिली.

तिला वाट दाखवली ती दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. दाजी हा अगदी कमी बोलणारा माणूस. पूर्वी घराण्यात मेंढरं, शेरडं. आता डाळिंबाची बाग, आणि आठवण म्हणून चार-पाच शेरडं. दाजींचा सगळा जीव बागेत. ते घरातल्या माणसांशी बोलायचे नाहीत तेवढं झाडांशी बोलायचे. त्या रात्री जेवताना त्यांनी अक्काला एकच प्रश्न विचारला.

"किती लांबनं मारलं?"

"जवळनं. नीट बसावं म्हणून."

"मंग वघळणारच," दाजी म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला बागेत घेऊन गेले. पाठीवर पंप होताच. फवारा पानावर धुक्यासारखा बसला पाहिजे, थेंब होऊन गळता कामा नये. वारं असेल तर थांबायचं. उन्हात मारायचं नाही. एक हात लांबून, आधी वरून खाली उभी पाळी, मग आडवी पाळी. आणि पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. अक्का म्हणते, लग्न झाल्यापासून ते तिच्याशी एवढं सलग पहिल्यांदाच बोलले.

तिथून पुढं अक्काच्या नवऱ्या हलल्या नाहीत. बाटल्या आता तिच्याकडं चांगल्या यायच्या, बारामतीहून. पण पद्धत दाजींची. फवारायच्या आधी ती गरजायची, "पंखा बंद! दार लावा! कुणी हलू नका!" मग बाटली नीट हलवायची, हात लांब करायची, नवरीला डोळे मिटून श्वास धरायला लावायची. उभी पाळी, आडवी पाळी. मग वापसा येईपर्यंत खोलीत चिडीचूप. लग्नघरात शांतता असते ती तेवढीच. दाराबाहेर मीसुद्धा टकटक थांबवायचो.

पण बाटलीत काहीही असलं तरी रडण्यापुढं ते किती टिकणार, हा प्रश्न अक्काला स्वस्थ बसू देत नव्हता. त्यावर तिनं काढलेला तोडगा मी आजवर दुसरीकडं कुठं बघितला नाही. ती रडणं सकाळी उरकून घ्यायची.

मेकअपला बसायच्या आधी, नवरीचं तोंड स्वच्छ धुतलेलं असताना, ती आईला बोलवायची. दोघींना समोरासमोर बसवायची आणि सांगायची, "काय रडायचं त्ये आत्ता रडून घ्या. नंतर मी रडू देणार न्हाय." आई म्हणायची, "असं सांगून कुठं रडू येतं का?" अक्का दार ओढून बाहेर माझ्याशेजारी येऊन उभी राहायची. मग आतून हुंदका. मग दुसरा. अक्का कान देऊन ऐकायची आणि पोहे मागवायची.

कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका लग्नात नवरीला आई नव्हती. बाप ऊस वाहतुकीच्या धंद्यातला, धिप्पाड, मिश्यावाला. अक्कानं त्यालाच बोलावणं पाठवलं. तो खांद्यावर टॉवेल टाकून आला आणि दारातूनच म्हणाला, "काय पायजे? जनरेटर चालू केलाय."

"जनरेटर ऱ्हाऊ द्या. पोरीजवळ बसा."

"का?"

"रडायला."

"मी न्हाय रडत," तो म्हणाला.

"बरं. नुसतं बसा मग."

तो खुर्चीवर टेकला. अक्कानं दार लावलं. आम्ही बाहेर उभे होतो. थोड्या वेळानं आतून जो आवाज आला तो ऐकून आचारी झारा हातात घेऊनच पळत आला. त्याला वाटलं, कुणाला तरी लागलं. बाप लहान पोरासारखा रडत होता आणि नवरी त्याची समजूत घालत होती. बाहेर आला तेव्हा त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं, आम्हा दोघांकडं बघितलं आणि म्हणाला, "धूर लई हाय हितं." धूर कुठंच नव्हता. पण त्या दिवशी पाठवणीला सगळे गहिवरलेले असताना तो एकटा शांतपणे गाडीला रस्ता करून देत होता, आणि लेक काचेतून हसून हात हलवत होती.

यात माझं मात्र नुकसान होत होतं. पाठवणीचे फोटो म्हणजे फोटोवाल्याची खरी कमाई. आईच्या गळ्यात पडलेली नवरी, डोळ्यांतलं पाणी, ते अल्बमचं शेवटचं पान. अक्काच्या नवऱ्या सहलीला निघाल्यासारख्या गाडीत बसायच्या. बायकांत कुजबुज सुरू व्हायची, पोरगी रडली नाही, हिच्या मनात काय आहे कुणास ठाऊक. मी अक्काशी भांडलो. तर ती म्हणाली, "भाऊ, तुला फोटोपुरतं रडणं पायजे. त्यांनी खरं रडून घेतलंय सकाळी." अगदीच एखादीला रडू फुटलं तर रुमालाची घडी तिच्या मुठीत असायची आणि अक्का गर्दीतून ओरडायची, "टिपायचं! पुसायचं न्हाय!"

आता तिच्या सासूबद्दल सांगायला हवं. अक्का तिला आत्याबाई म्हणायची, मी आजी म्हणायचो. हडकुळी, ताठ, तोंडानं फटकळ. संध्याकाळी अक्का वस्तीवर परतली की आजी ओट्यावरून विचारायची, "आज कुणाचं तोंड रंगवलंस?" अक्का नाव सांगायची. "पोचली का नीट?" "पोचली." यापलीकडं त्यांच्यात त्या धंद्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. पण एकदा डाळिंबाचे फोटो काढायला मी वस्तीवर गेलो होतो. पाहुणे बसले होते आणि अक्कानं रंगात येऊन शेळीची गोष्ट काढली. सगळे हसत असताना आजी उठली आणि शेरडांना पाला टाकायला गेली. पाला आधीच टाकलेला होता. नंतर माझ्या ध्यानात आलं, ती गोष्ट निघाली की म्हातारी दर वेळी उठून जायची. अक्कानं ते कधी बघितलं नसावं, कारण सांगताना ती स्वतःच जास्त हसत असे. एकदा मात्र पार्लर बंद करता करता ती मला म्हणाली, "सगळ्यांच्या पोरी म्या नीट पोचवल्या भाऊ. मी तेवढी पोचायची राहिली." आणि शटर खाली ओढलं. तेव्हा ती हसत नव्हती.

मी इंदापूर सोडायच्या आधीची गोष्ट. अक्काकडं दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरासमोर नवं घर बांधून झालं होतं आणि वास्तुशांत होती. फोटो काढायला मी सकाळीच पोचलो. बघतो तर पत्र्याच्या घरात अक्का खुर्चीवर बसलेली आणि सीमा, तीच ज्वारीवाली, माहेरी आलेली, तिच्या तोंडाला ब्रश लावतेय.

"ह्ये काय अक्का?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत! आत्याबाईंनी सांगितलं, आज तोंड करून घे. का, तर म्हणं मी सांगते म्हणून. घरात पूजा हाय का माझं लगीन?" ती कुरकुरत होती. तरी सीमाला सूचना चालूच होत्या. "थापू नगं. दाब. दाब म्हणते ना."

सीमाचं काम झालं आणि तिनं बाटली उचलली. तेवढ्यात दाजी आत आले. नवं धोतर, नवी टोपी. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि सीमाकडं हात पुढं केला. सीमानं मुकाट्यानं बाटली दिली.

"पंखा बंद करा," दाजी म्हणाले.

मी पंखा बंद केला. अक्का काहीतरी बोलणार होती, पण दाजींनी हात लांब केला तसे तिनं सवयीनं डोळे मिटले आणि श्वास धरला. उभी पाळी, आडवी पाळी. डाळिंबाच्या झाडाला मारतात त्याच काळजीनं त्यांनी फवारलं, बाटली ठेवली आणि वापसा येईपर्यंत समोर उभे राहिले. आणि त्या शांततेत बाहेरून, नव्या घराच्या दारातून, आजीचा आवाज आला.

"शेरडं बांधली का रे?"

अक्कानं डोळे उघडले. तिनं दाजींकडं बघितलं. दाजी टोपी घालत होते, ते खाली बघत म्हणाले, "बांधली. मीच बांधलीत. चल."

अंगणापलीकडं नव्या घराचा उंबरा. त्यावर पितळी माप, काठोकाठ ज्वारीनं भरलेलं. आत हातात ओवाळायचं ताट घेऊन आजी उभी. गुरुजी तिला समजावत होते, "आजी, वास्तुशांतीत माप नसतं हो."

"तुमच्या पोथीत नसंल," आजी म्हणाली. "आमच्या घरात ऱ्हायलंय."

अक्का उंबऱ्याशी येऊन थबकली. तिच्या त्या मोठ्या आवाजाचं काय झालं कुणास ठाऊक. "आत्याबाई, आवं ह्या वयात काय हे," एवढंच हळू म्हणाली.

"उजवा पाय," आजी म्हणाली.

अक्कानं उजव्या पायानं माप लवंडलं. ज्वारी नव्या फरशीवर पसरली आणि ती आत गेली. आजीनं ओवाळलं, ताट बाजूला दिलं, आणि अक्काची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. जशी अक्का नवऱ्यांचं वळवायची, अगदी तसंच. बराच वेळ बघत राहिली.

"त्या दिशी म्या बघितलंच न्हाय तुला," आजी म्हणाली. "हापशाकडं धाडलं." मग म्हणाली, "चांगली दिसतीस."

अक्का रडली. एवढ्या वर्षांत मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. आणि सकाळी उरकून घेतलेलं, दार लावून केलेलं रडणं नव्हतं ते. भर दारात, सगळ्यांसमोर, हनुवटी धरलेल्या सासूच्या हातावर ती रडली. आजीनं दुसऱ्या हातानं तिला जवळ ओढलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी मी भांडलो तो फोटो माझ्या समोर होता आणि मला नीट दिसत नव्हतं, कारण माझेही डोळे भरले होते. तरी काढला. सीमा पदर घेऊन पुढं झाली तशी अक्का हुंदक्यातूनच ओरडली, "पुसू नगं!" आणि मग, सासूच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून, "भाऊ, हललंय का रं?"

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचं तोंड मोठं करून पाहिलं. गालांवरून पाणी चाललं होतं आणि काजळ जागच्या जागी होतं.

"न्हाय अक्का. कुठंच न्हाय."

"मग आजून जरा रडू दे," ती म्हणाली, आणि परत सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं.